संरक्षक भिंतीतील उभ्या सळईचा लॅप : लांबी किती, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोठे?

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

नमस्कार. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आमचा लहानसा प्लॉट आहे. घराच्या मागच्या बाजूला डोंगराची माती अडवण्यासाठी २० मीटर लांब आणि पायाच्या वर ३ मीटर उंच अशी आर.सी.सी. संरक्षक भिंत बांधायची आहे. पायाची जाडी ४०० मि.मी. आणि भिंतीची २५० मि.मी. आहे. मातीच्या बाजूला १२ मि.मी. व्यासाच्या उभ्या सळया १५० मि.मी. अंतरावर, तर आडव्या सळया १० मि.मी. व्यासाच्या, २०० मि.मी. अंतरावर आहेत. काँक्रीट एम २५ आणि सळई एफई ५०० (या ताकदीच्या श्रेणी) आहे.

नकाशावर 'लॅप ५० डी' एवढेच लिहिले आहे, म्हणजे दोन सळया जोडताना त्या सळईच्या व्यासाच्या (डी) ५० पट लांबीत शेजारी-शेजारी ठेवायच्या. ठेकेदारांचे म्हणणे असे की पायातून दीड फूट डॉवेल (पायात रोवलेल्या सळईचे टोक) वर ठेवू आणि नंतर त्याला वरची सळई बांधू. सगळीकडे ४० डी धरतात आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही. दीड फूट आणि ५० डी यांतील फरक मला समजतो, परंतु हा फरक खरोखर महत्त्वाचा आहे की केवळ कागदावरचा, हे जाणकारांनी सांगावे.

कृष्णाकाठ (सांगली)

हा फरक कागदावरचा नाही. ५० डी कोठून येतो ते आधी पाहू, म्हणजे ४० डी कोठे चालतो आणि कोठे चालत नाही हे आपोआप स्पष्ट होईल.

आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या संहितेप्रमाणे सळईतील ताणाला पकडीच्या (काँक्रीट सळईला धरून ठेवते त्या ताकदीच्या) मूल्याच्या चौपटीने भागले की सळई काँक्रीटमध्ये किती व्यास रुतलेली असावी ते मिळते. एफई ५०० सळईचा ताण ०.८७ गुणिले ५०० म्हणजे ४३५ न्यूटन प्रति चौरस मि.मी. धरतात. एम २५ काँक्रीटमध्ये साध्या गुळगुळीत सळईची पकड १.४ असते आणि रिब असलेल्या सळईला त्यावर ६० टक्के वाढ मिळते, म्हणजे २.२४. भागाकार ४८.५ येतो. तुमच्या १२ मि.मी. सळईसाठी हे ५८२ मि.मी. झाले, कामावर ६०० धरावेत. संहितेने भिंतीसारख्या वाकणाऱ्या भागातील ताणाच्या सळईला लॅपची लांबी हीच किंवा ३० व्यास, यांपैकी जी जास्त असेल ती सांगितली आहे.

आता ४० डीविषयी. दाबाखालील सळईला पकडीत आणखी २५ टक्के वाढ मिळते, त्यामुळे तोच भागाकार ३९ वर येतो. म्हणजे केवळ दाब सोसणाऱ्या कॉलमला ४० डी बरोबर आहे, आणि कॉलमचे काम रोज करणाऱ्यांच्या हाताला तोच आकडा बसलेला असतो. तुमच्या भिंतीची मातीकडची सळई मात्र पूर्ण ताणात आहे.

आणखी एक गोष्ट तपासावी. काँक्रीट रेडीमिक्सचे येणार नसून जागेवर मिक्सरमध्ये १:१॥:३ (सिमेंट, वाळू, खडी) या मापाने होणार असेल, तर ते एम २० धरले जाते. त्या काँक्रीटला ५० डीसुद्धा अपुरा आहे. तेथे ५७ डी, म्हणजे सुमारे ६८० मि.मी. लागतात.

कराडचा सेंट्रिंगवाला

साहेबांचे गणित मान्य आहे, पण कामाची बाजूही ऐकावी. लांब डॉवेल ठेवले की पायाचे काँक्रीट टाकताना ते हलतात, कामगारांच्या पोटाला-मांडीला लागतात, आणि भिंतीचे काम सुरू होईपर्यंत निम्मे वाकलेले असतात. दीड-दोन फुटांचा डॉवेल ताठ राहतो. तसेच लॅपला बांधणीच्या तारेचे दोनऐवजी चार आळे मारले तर जोड अधिक घट्ट होतो, असा आमच्याकडे अनुभव आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

तारेचे आळे कितीही मारले तरी त्यांनी लॅपची ताकद वाढत नाही. काँक्रीट टाकेपर्यंत सळई जागेवर राहावी एवढेच तारेचे काम. लॅपमध्ये एका सळईतील ताण दुसरीकडे जातो तो मधल्या आणि भोवतालच्या काँक्रीटमधून. सळईच्या रिब काँक्रीटला तिरपे रेटतात आणि त्या रेट्याचा एक भाग काँक्रीटला बाहेरच्या दिशेने फाडू पाहतो. म्हणून लॅप अपुरा पडला तर बहुधा सळईच्या रेषेने कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) चिरते आणि सळई सुटते. कव्हर कमी असेल किंवा शेजारचे लॅप एकमेकांना खेटून असतील, तर हे फाटणे लवकर होते. यासाठीच संहितेने दोन लॅपमधील मोकळे अंतर ७५ मि.मी. किंवा ६ व्यास, यांतील मोठ्या आकड्यापेक्षा कमी असल्यास लांबी १.४ पट करायला सांगितली आहे. या भिंतीत १५० मधून दोन सळयांचे २४ वजा केले तर १२६ मि.मी. मोकळे राहतात, त्यामुळे ती वाढ येथे लागू होत नाही. हाच नकाशा १६ मि.मी. सळया १०० मि.मी. अंतरावर असा असता तर मोकळे अंतर ६८ मि.मी. उरले असते आणि लॅप १.४ पट करावा लागला असता.

परंतु माझा मुख्य आक्षेप लांबीला नाही, जागेला आहे. लॅप ६०० मि.मी. केला आणि तो पायाच्या माथ्यावरच सुरू केला, तरी भिंतीतील सर्वांत वाईट जागी शंभर टक्के सळया आपण एकाच पातळीवर जोडलेल्या असतात. मातीचा दाब खाली वाढत जातो आणि त्यामुळे बेंडिंग मोमेंट (भिंतीला वाकवणारा जोर) माथ्यापासूनच्या खोलीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तळाशी ३ मीटर खोलीला जो मोमेंट आहे तो शंभर धरला, तर तळापासून ०.६ मीटर वर, म्हणजे २.४ मीटर खोलीला, तो ५१ उरतो. अवघ्या दोन फुटांत निम्मा होतो. संहितेची शिफारस अशी आहे की भागाच्या मोमेंट सोसण्याच्या क्षमतेच्या निम्म्याहून अधिक मोमेंट असेल तेथे लॅप घेऊ नये, आणि एका छेदात निम्म्याहून अधिक सळया जोडू नयेत. ठेकेदारांच्या पद्धतीत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मोडतात.

लॅप घ्यायचाच असेल तर तो तळापासून ६२० मि.मी.च्या वर सुरू करावा. भिंतीच्या वरच्या अंगाला गाडी उभी राहणार असेल किंवा रस्ता असेल तर मोमेंट इतक्या झपाट्याने उतरत नाही; मग आणखी वर जावे लागते.

निवृत्त उपअभियंता (सातारा)

चर्चा योग्य दिशेने चालली आहे. मला असे विचारायचे आहे की या भिंतीला उभा लॅप हवाच कशाला?

सळई बाजारात १२ मीटर लांबीची येते. तुमच्या भिंतीची मातीकडची सळई मोजू. भिंतीत वरचे कव्हर वजा जाता २.९५ मीटर, पायात खालचे कव्हर सोडून ०.३५ मीटर, आणि पायाच्या तळाशी आडवा पाय ०.७० मीटर. बेरीज बरोबर ४ मीटर. म्हणजे एका १२ मीटरच्या बारमधून तीन अखंड सळया निघतात आणि तुकडाही उरत नाही. २० मीटर लांबीत १५० मि.मी. अंतराने १३४ सळया बसतात, त्यासाठी ४५ बार पुरतात. याउलट प्रत्येक सळईला ६०० मि.मी. लॅप दिला तर ८० मीटर सळई जास्त लागते, १२ मि.मी. सळईचे वजन मीटरला ०.८८८ किलो असल्याने हे सुमारे ७१ किलो लोखंड झाले. लॅपमुळे काम कमकुवत होते आणि लोखंडही वाढते, तरी तो घेतला जातो, याचे कारण केवळ सवय.

सळया आखडून किंवा दुमडून ट्रकमधून आल्या असतील तर दुमडलेली जागा सरळ करून तोच भाग भिंतीच्या तळाशी वापरू नये. तो माथ्याकडे किंवा आडव्या पायात जाईल अशा रीतीने तुकडे पाडावेत.

एक स्थानिक मुद्दा. आपल्या जिल्ह्यात ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आजही वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येतो, आणि भूकंपासाठीच्या आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत कोयनेचा परिसर झोन चारमध्ये आहे. भूकंपात मागच्या मातीचा दाब वाढतो, आणि त्या वाढीचा सर्वाधिक बोजा भिंतीच्या तळालाच पडतो. त्यामुळे या भागात तळाची सळई अखंड ठेवण्याला अधिकच महत्त्व आहे.

कराडचा सेंट्रिंगवाला

हिशेब पटला. अडचण उभी करण्याची आहे. १२ मि.मी.ची तीन मीटर सळई पायातून उभी केली की वेताच्या छडीसारखी झुलते. त्यातून उताराच्या जागेवर वारा लागला की सगळा पिंजरा मातीकडे किंवा बाहेर कलतो. पायाचे काँक्रीट कोवळे असताना सळई हलली तर मुळाशी खड्डा पडतो. शिवाय वर टोके असल्यामुळे पायाचे काँक्रीट टाकायला माणसाला वाकता येत नाही.

निवृत्त उपअभियंता (सातारा)

तुमच्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांवरचे उपाय खर्चिक नाहीत. पाया ओतण्यापूर्वीच मातीच्या बाजूला बांबूची किंवा पाइपची एक रांग उभी करावी आणि तिला दोन पातळ्यांवर आडव्या सळया बांधाव्यात, एक पायाच्या माथ्यापासून साधारण हातभर वर आणि दुसरी दोन मीटरवर. या आडव्या सळयांवर १५० मि.मी.च्या खुणा खडूने कराव्यात आणि प्रत्येक उभी सळई आपल्या खुणेवर बांधावी. पिंजरा मग झुलत नाही. पायाचे काँक्रीट पंजाच्या बाजूने, म्हणजे मोकळ्या अंगाने टाकत यावे.

खालच्या आडव्या सळईचे दुसरे आणि मोठे काम असे की ती उभ्या सळयांना मातीच्या बाजूला धरून ठेवते. भिंत २५० मि.मी. जाड असून सळई मातीकडे ४५ मि.मी. कव्हर ठेवून बसली, तर दुसऱ्या बाजूपासून सळईच्या मध्यापर्यंत १९९ मि.मी. मिळतात. काँक्रीट टाकताना ती ५० मि.मी. आत सरकली तर १४९ उरतात, आणि भिंतीची ताकद जवळपास एक चतुर्थांशाने घटते. लॅपवर वाद घालणारे आपण सगळे या सरकण्याकडे मात्र कानाडोळा करतो. पाया ओतून झाल्यावर काँक्रीट ओले असतानाच पट्टी लावून प्रत्येक सळई पाहावी. ती घट्ट झाल्यावर वाकवून जागेवर आणण्याचा प्रयत्न करू नये.

अखंड सळई कोणत्याही कारणाने जमत नसेल, तर कृष्णाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे एक आड एक लॅप घ्यावा. दोन लॅपच्या मध्यांमधील अंतर लॅपच्या १.३ पट, म्हणजे येथे ७८० मि.मी. असले तरच ते वेगवेगळ्या पातळीवर आहेत असे संहिता मानते. पहिला संच ६२० वर सुरू केला तर दुसरा १४०० वर सुरू होतो आणि २००० वर संपतो. म्हणजे निम्मे डॉवेल १.२२ मीटरचे आणि निम्मे २ मीटरचे ठेवावे लागतील. दोन मीटर उभे करायचेच असतील तर तीन मीटर उभे करण्यात फारसा जादा त्रास नाही, असे माझे मत आहे.

द्राक्षबाग तासगाव

याच धाग्यात विचारतो. बागेसाठी गोल आर.सी.सी. टाकी बांधत आहोत. आतला व्यास ८ मीटर, पाणी ३ मीटर, म्हणजे सुमारे दीड लाख लिटर. काँक्रीट एम ३०, आडव्या गोल रिंगा १० मि.मी.च्या आहेत. या रिंगांना १२ मीटरच्या बारमुळे प्रत्येक फेरीत दोन-तीन जोड येतातच. त्यांनाही ५० डी पुरेल का?

कृष्णाकाठ (सांगली)

नाही. ही बाब बहुतेक ठिकाणी चुकते, म्हणून सविस्तर लिहितो.

संरक्षक भिंतीत सळई वाकण्यामुळे ताणात येते; भिंतीची दुसरी बाजू दाबात असते आणि काँक्रीट काही भार उचलते. गोल टाकीत पाणी भिंतीला सर्व बाजूंनी बाहेर ढकलते आणि रिंग सरळ ओढली जाते. येथे दाबाची बाजूच नाही. तुमच्या टाकीत ३ मीटर खोलीला भिंतीचा तळ मोकळा धरला तर प्रत्येक मीटर उंचीला ९.८१ गुणिले ३ गुणिले ४, म्हणजे सुमारे ११८ किलोन्यूटन ओढ येते. तळ पायाशी पक्का जोडलेला असल्यास कमाल ओढ थोडी वर सरकते आणि कमी होते, पण ओढीचे स्वरूप बदलत नाही.

अशा थेट ताणातील सळईला संहितेने लॅप दुप्पट लांबीचा सांगितला आहे. एम ३० मध्ये मूळ लांबी ४५.३ व्यास आहे, १० मि.मी.साठी ४५३, आणि दुप्पट म्हणजे ९०६ मि.मी. कामावर ९१० धरा. तीन फूट हा आकडा गवंड्यांना पटत नाही, तरी तो पाळावा. थेट ताणातील लॅपभोवती किमान ६ मि.मी. सळईचे वेटोळे १०० मि.मी.हून अधिक अंतर न ठेवता घालावे, असेही संहितेत म्हटले आहे.

दुसरे असे की वरच्या आणि खालच्या रिंगेचे लॅप एकाच उभ्या रेषेत येऊ देऊ नयेत. कामगार सोयीसाठी प्रत्येक रिंग शिडीच्या जागेपासूनच सुरू करतात आणि टाकीला वरपासून खालपर्यंत जोडांची एक ओळ तयार होते. गळतीची पहिली उभी चीर बहुधा तेथेच दिसते. प्रत्येक रिंगेची सुरुवात आधीच्या रिंगेपासून दीड मीटर पुढे सरकवावी, एवढी एक सूचना दिली तरी पुरते.

मिरज मैदानी

एक प्रश्न. तळघराच्या भिंतीचे डॉवेल मागील ठेकेदाराने जेमतेम एक फूट ठेवून काम सोडले. ते पावसाळाभर उघडे राहिले, गंजले, काही वाकले आहेत. नव्या ठेकेदारांचे म्हणणे आहे की गॅसने तापवून सरळ करू आणि वरची सळई वेल्ड करून जोडू.

निवृत्त उपअभियंता (सातारा)

तापवू नये. आजच्या टीएमटी सळईची ताकद तिच्या बाहेरच्या कडक थरात असते. तो थर कारखान्यात लाल तापलेल्या सळईवर पाण्याचा मारा करून तयार होतो, आणि गॅसने तापवली की त्या जागी तो नरम पडतो. तुमच्या बाबतीत ती जागा नेमकी भिंतीच्या तळाशी येईल. वेल्डिंगच्या जोडालाही संहिता ताणात सर्वसाधारणपणे सळईच्या ८० टक्केच ताकद धरू देते, आणि उघड्यावर पातळ सळईवर केलेल्या वेल्डचा भरवसा त्याहून कमी.

एक फूट डॉवेलवर लॅप होत नाही. दोन मार्ग आहेत. पायाचे काँक्रीट डॉवेलभोवती खोलवर फोडून पुरेशी लांबी उघडी करावी आणि नवीन सळई तेथपर्यंत नेऊन पुन्हा ओतावे. किंवा जुन्या डॉवेलच्या शेजारी पायात भोके पाडून रासायनिक गोंदात नव्या सळया बसवाव्यात. दुसऱ्या मार्गात भोकाची खोली संरचना अभियंत्याने ठरवलेली असावी आणि भोक ब्रश व हवेच्या फुंकरीने साफ केलेले असावे. धुळीत बसवलेली सळई हाताने उपसून येते, हे मी पाहिले आहे. साधा पिवळसर गंज तारेच्या ब्रशने निघतो आणि त्याने बिघडत नाही. पापुद्रे सुटत असतील आणि रिब झिजल्या असतील तर त्या सळईचा हिशेबच धरू नये.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

सर्वांचे आभार. ठेकेदारांना हा धागा वाचून दाखवला. उभी सळई अखंड घेण्यास ते तयार झाले आहेत, बांबूची रांग त्यांची आणि बांबू माझे, असे ठरले. आता आडव्या सळया आणि कोपरा राहिला. भिंत एका टोकाला काटकोनात वळून ४ मीटर पुढे जाते. आडव्या १० मि.मी. सळयांना २० मीटर लांबीत जोड येणारच.

कृष्णाकाठ (सांगली)

आडव्या सळया मुख्यतः काँक्रीट आकसण्याने आणि उन्हा-थंडीने पडणाऱ्या चिरा आवरण्यासाठी असतात. त्यांचा लॅप १० मि.मी.साठी ४९० मि.मी. ठेवावा. एक ओळ डावीकडून १२ मीटरचा पूर्ण बार घेऊन सुरू करावी आणि तिच्या वरची उजवीकडून. मग एका ओळीचा लॅप डाव्या टोकापासून पावणेबारा मीटरच्या आसपास पडतो आणि दुसरीचा सव्वाआठच्या आसपास. जोड आपोआप साडेतीन मीटर दूर जातात आणि वेगळे काही मोजावे लागत नाही.

कोपऱ्यावर मात्र लक्ष द्यावे. तेथे दोन्ही भिंतींच्या सळया सरळ येऊन थांबल्या आणि कोपऱ्यात नुसत्या एकमेकींना टेकल्या, तर तो जोडच नाही. बाहेरच्या अंगाच्या सळया कोपऱ्यातून वळवून दुसऱ्या भिंतीत न्याव्यात किंवा तेथे एल आकाराची वेगळी सळई घालून तिची प्रत्येक बाजू सरळ सळईबरोबर ४९० मि.मी. लॅप करावी. आतल्या अंगाच्या सळया आतल्या कोपऱ्याला चिकटवून वळवू नयेत. कोपरा उघडू पाहणारा दाब आला की अशी सळई सरळ होऊ लागते आणि आतले कव्हर फोडून बाहेर येते. आतली सळई कोपरा ओलांडून समोरच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगापर्यंत न्यावी आणि तेथे वळवावी.

लॅप बांधताना दोन सळया भिंतीच्या लांबीत किंवा उंचीत शेजारी-शेजारी ठेवाव्यात, एकीवर एक चढवून कव्हरच्या दिशेने नव्हे. दहा मि.मी.ची सळई कव्हरच्या बाजूला चढली की ४५ चे कव्हर ३५ होते. शटरिंगची दुसरी बाजू बंद करण्याआधी आतून विजेरी मारून हे पाहून घ्यावे, कारण फळी लागल्यावर कोपऱ्यातले काहीच दिसत नाही.

कराडचा सेंट्रिंगवाला

त्यात एक भर घालतो. कोपऱ्यात आणि तळाच्या पहिल्या दोन फुटांत सळयांची गर्दी असते, तेथे व्हायब्रेटरची ४० मि.मी.ची सुई शिरत नाही. २५ मि.मी.ची सुई आधीच मागवून ठेवावी. काँक्रीट दीड मीटरपेक्षा उंचावरून सोडू नये. पाइप किंवा घसरण लावून खाली उतरवावे, नाहीतर खडी खाली आणि मसाला सळईला अडकून वर राहतो.